मराठीतच, बारा वर्षांखालील वगळून

आखातातल्या मुऐदरमधल्या आमच्या कंपाउंडमध्ये दर महिन्याला एका शुक्रवारी भारतीय कुटुंबांचा मेळावा व्हायचा. मल्याळी, तेलुगू आणि आम्ही मराठी. प्रत्येक घरातून एक पदार्थ यायचा आणि सगळा कारभार हिंदीत चालायचा. हिंदी यांपैकी कुणाच्याच घरी बोलली जात नव्हती. अंताक्षरीही हिंदी गाण्यांचीच असे, आणि मल्याळी बायका ती संपेपर्यंत मांडीवर ताट धरून बसून राहत. आम्हाला ते कधी खटकलं नाही. आम्हाला गाणी येत होती.

एका शुक्रवारी शेजारच्या व्हिलातल्या मल्याळी इंजिनिअरने नम्रपणे सांगितलं, की पुढच्या महिन्यापासून ते आपलं वेगळं करतील. भांडण झालं नाही. जाताना त्याने आपला मोठा कुकर तेवढा परत नेला. मग तेलुगू कुटुंबांनीही आपला ग्रुप काढला. हिंदीचा ग्रुप काढायला कुणी उरलंच नाही.

उरलो आम्ही मराठी. कंपनीत मी सुरक्षेच्या नियमांचे मसुदे लिहितो, म्हणून नव्या मंडळाचे नियमही मीच लिहावेत असं ठरलं. पहिलाच नियम लिहिला: मंचावर फक्त मराठी. तो मी उभं राहून वाचून दाखवला, हे आता सांगायला लाज वाटते.

"आणि मुलं?" पुण्याच्या एका वहिनींनी विचारलं.

आमच्या मुलांना मराठी कळतं, पण उत्तर इंग्रजीत येतं. माझ्या मुलीला 'जेवलीस का?' विचारलं तर ती 'ऑलरेडी' म्हणते. तेव्हा ती अकरा वर्षांची होती. मी लगेच लिहिलं: बारा वर्षांखालील मुलांना इंग्रजीची सवलत. सगळ्यांनी हात वर केले.

आमच्यात एक सोलापूरचा मित्र होता. तिथल्या पूर्व भागातला. त्याचे पूर्वज विणकामासाठी तेलंगणातून आले आणि सोलापूरचे झाले. घरात तेलुगू, दाराबाहेर मराठी. शाळा मराठी, आणि त्याचं मराठी माझ्यापेक्षा खणखणीत. तेलुगू ग्रुपने त्याला बोलावलं होतं. तो एकदाच गेला. "आमचं तेलुगू ऐकून हसले बे," तो म्हणाला. "त्यांना ते मराठीच वाटतं." म्हणून तो आमच्याकडे आला होता.

त्या हिवाळ्यात त्याची आई व्हिजिट व्हिसावर आली. काकू जेव्हा जेव्हा यायच्या, तेव्हा जुन्या मेळाव्यात फेर धरून टाळ्या वाजवत म्हणायचं एक तेलुगू गाणं म्हणायच्या. सगळ्या बायका फेरात असत, मल्याळीसुद्धा. या वेळी गुडघे फारच दुखत होते. यानंतर विमान नको, असं त्यांनी मुलाला सांगून टाकलं होतं.

मंडळाच्या पहिल्या कार्यक्रमाची यादी मी करत होतो, तेव्हा मित्राने मला पार्किंगमध्ये गाठलं. "आईचं नाव लिही की कार्यक्रमात."

"गाणं मराठी आहे का?"

"इतकी वर्षं टाळ्या वाजवतोस आणि मला विचारतोस व्हय बे?"

मी नियम सांगितला. मग सुचवलं, "काकूंना मराठी येतं की. मराठी गाणं म्हणू देत एखादं."

"तिला येतं. तिच्या आईला येत नव्हतं. गाणं तिच्या आईचं आहे."

"एकाला सवलत दिली की सगळे मागतील रे."

"सगळे म्हणजे कोण? एकच तर घर आहे आमचं." तो गाडीला टेकला. "सवलत आहे म्हणा तुझ्या नियमात. पण आई काय बारा वर्षांखाली बसत नाही. एक करतो, तिला ते इंग्रजीत बसवायला सांगतो."

मी हसलो. तो हसला नाही. "कमिटीपुढे ठेवतो," मी म्हणालो.

"इन्शाल्ला," तो म्हणाला. इथे राहून त्या शब्दाचा नेमका अर्थ, 'होणार नाही', आम्हा सगळ्यांना कळायला लागला आहे.

मी कमिटीपुढे ठेवलं नाही. कमिटीत आम्ही तिघे, आणि बाकीचे दोघे बहुतेक हो म्हणाले असते. मला त्याचीच भीती होती. माझा नियम पहिल्याच कार्यक्रमात मोडायला नको होता.

कार्यक्रमाला काकू जरीकाठाची साडी नेसून पहिल्या रांगेत, माझ्या शेजारी बसल्या. माझी मुलगी 'माझी मातृभाषा मराठी' या विषयावर बोलली. इंग्रजीत. टाळ्या पडल्या. माझे डोळे भरून आले.

काकू माझ्याकडे झुकल्या. "लेक छान बोलली रे. काय म्हणाली?"

"मराठीवर तिचं फार प्रेम आहे म्हणाली."

"बरं." मंचाकडे बघत म्हणाल्या, "मग मराठीत का नाही म्हणाली?"

"नियमात बसतं, काकू."

"असं होय." त्यांनी पदर सारखा केला. "माझा नंबर कधी आहे?"

यादीत नाव नाही, हे मित्राने त्यांना सांगितलं नव्हतं. तो मागच्या रांगेत होता. मी वळून पाहिलं तर तो छताकडे बघत होता.

"आज वेळ कमी आहे, काकू. पुढच्या महिन्यात नक्की."

"पुढच्या महिन्यात मी सोलापुरात," काकू म्हणाल्या. रागावल्या नव्हत्या. "तिकडं ये ऐकायला." मग पुढच्या मुलासाठी टाळ्या वाजवायला लागल्या.

त्या गेल्यावर पुढच्या बैठकीत मी दुरुस्ती मांडली: मंचावर मराठीबरोबर आपापल्या घरची भाषाही चालेल. चर्चा न होता एकमताने मंजूर. मित्र तिथे नव्हता. आईला विमानतळावर सोडलं त्याच दिवशी तो ग्रुपमधून बाहेर पडला होता.

तो मला अल मन्सूरातल्या किराणा दुकानात भेटला. कढीपत्ता निवडत होता. मी त्याला दुरुस्ती सांगितली, जरा घाईनेच.

"मस्त बे. आता एखादं तेलुगू घर शोधा." त्याने जुडी हुंगून पाहिली. "आणि घरची भाषा कोणती, हे कोण ठरवणार?"

"ज्याचं त्याने."

"मग तुझी लेक बारा वर्षांची झाली तरी इंग्रजीची सोय झाली की."

ती पुढच्याच महिन्यात बारा पूर्ण करणार होती. मला ते खरंच सुचलं नव्हतं. मी तसं म्हणालो. ते ऐकायला मलाच कसंतरी वाटलं.

त्याने जुडी पिशवीत टाकली. "सांगतो आईला, आता तेलुगू चालतं म्हणून," म्हणाला, आणि पैसे द्यायच्या रांगेत जाऊन उभा राहिला.