दाऊदभाईंनी न बनवलेली बंदूक

फोन आला तेव्हा मी जेवत होतो. "साहेब, मी नाझीम. दाऊद टर्नरचा मुलगा. अब्बा गेले... मंगळवारी." तो दिवस रविवार होता. दुःख व्हायच्या आधी मला राग आला. "अरे, मग आज सांगतोस?" मी जवळजवळ ओरडलोच. मग तो शांतपणे म्हणाला, "तुमचा नंबर शोधत होतो साहेब. अब्बांच्या डायरीत बहारीनचाच होता." बहारीन सोडून मला वीस वर्षं झाली होती. नवा नंबर मी त्यांना कधी कळवलाच नव्हता. समोरचं ताट तसंच ठेवून उठलो. या गोष्टीला आता दीड महिना झाला, आणि दाऊदभाईंवर लिहायला बसलो की अजूनही आधी रागच येतो. त्यांचा की माझा, ते लिहिता लिहिता कळेल असं वाटलं म्हणून हा लेख.

नव्वदच्या दशकात बहारीनमध्ये सित्र्याला एका वर्कशॉपमध्ये आम्ही एकत्र होतो. पंपांचे शाफ्ट, झडपा, असलं दुरुस्तीचं काम. मी इंजिनियर, ते लेथ यंत्रावर लोखंड कातणारे टर्नर. वयाने माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे, रत्नागिरीकडच्या खाडीकाठच्या गावचे, शिक्षण चौथी. मी कोण, तेही सांगतो, लपवण्यासारखं काही नाही. माझे वडील साखर कारखान्यात हमाल होते. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. सही केली की खाली बी.ई. लिहिल्याशिवाय माझं पेन उचललं जात नसे, रजेच्या अर्जावरसुद्धा. दाऊदभाईंनी एकदा तो अर्ज पाहिला आणि म्हणाले, "गावाक जातोस ता बी डिग्री लावून जातोस काय रं? इमानात बसायला देत नाय काय तिच्याबिगर?" सगळं वर्कशॉप हसलं. मी आठ दिवस त्यांच्याशी बोललो नाही. नवव्या दिवशी सुट्टीचा शुक्रवार होता, तर गुदैबिया भागातल्या त्यांच्या खोलीतून निरोप आला, सुरमईचं सार केलंय, बी.ई. साहेबांना पाठवा. त्या खोलीत कोकणातले चौघे राहत. मी गेलो, पोटभर जेवलो आणि पुढे दर शुक्रवारी जाऊ लागलो.

आमच्या मालकाला सगळे अरबाब म्हणत. भला माणूस, पण एकदा डोक्यात घेतलं की घेतलं. सनद नावाच्या गावी त्यांच्या घरी बैठकीच्या खोलीत त्यांच्या वडिलांची बंदूक टांगलेली होती, नळीमागची लोखंडी खिट्टी, म्हणजे बोल्ट, मागे ओढून एकेक काडतूस भरायची जुनी रायफल. लाकूड हात लागून लागून काळं झालेलं. तिची काडतुसं मिळेनाशी झाली होती, आणि अरबाबना तर वडिलांच्याच बंदुकीने निशाणबाजी करायची होती. लायसन्स होतं, पोलिसांची परवानगीही त्यांनी काढून आणली. एका सकाळी गाडीच्या मागच्या सीटवरून चादरीत गुंडाळलेली ती बंदूक त्यांनी दाऊदभाईंच्या बाकावर ठेवली. आता बाजारात मिळतं ते दुसरं काडतूस तिच्यात बसेल असं करून द्या, एवढंच काम. "दाऊद, तुम ये बनाओ. तुम्हारा लडका विजा, खलास."

हे वाक्य लहान नव्हतं. नाझीमचा व्हिसा हा दाऊदभाईंचा तीन वर्षांचा ध्यास होता. मुलगा गावी बर्फाच्या कारखान्यात राबत होता. हात चांगला होता, शिकवायला माणूस नव्हता. "एकदा हिकडं येऊ दे. माज्या बाजूच्या लेथवर उभा करीन, मग मी मोकळा," असं ते दर शुक्रवारी म्हणायचे. खोलीतल्या चौघांनी त्याच्यासाठी खाटेची जागासुद्धा करून ठेवली होती.

दाऊदभाईंनी बंदूक दोन दिवस बाकावर ठेवली. लाकूड उतरवलं. आतल्या बाजूला, जिथे कुणाला दिसणार नाही अशा जागी, बारीक कानस दोनदा फिरवली आणि लोखंडात किती दम आहे ते कान लावून ऐकलं. मग सगळं पुन्हा जोडून, पुसून, चादरीत गुंडाळलं. अरबाबना म्हणाले, "अरबाब, मफी, नहीं होगा. नया कारतूस का जोर जास्ती. इसका लोहा बुढ्ढा." अरबाबचा चेहरा उतरला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "इंजिनियर, तुम बोलो."

आणि मी बोललो! मला विचारलं होतं ना... चौथी शिकलेल्या माणसाने कान लावून दिलेला निकाल, आणि समोर मी, बी.ई. मेकॅनिकल. मी बंदूक घेऊन बसलो, मापं घेतली, नव्या काडतुसाचा दाब किती ते मिळवलं, कॉलेजचं जाडजूड पुस्तक उघडलं, पोलादाची ताकद तक्त्यातून काढली आणि दोन पानांचा हिशोब मांडला. शेवटी लिहिलं, 'हरकत नाही.' खाली सही, बी.ई. हिशोबात बेरीज-वजाबाकीची एकही चूक नव्हती, आजही सांगतो. फक्त तक्ता आजच्या पोलादाचा होता. बंदूक घडवली तेव्हा तो तक्ता छापणारा जन्मालाही आला नसेल. जे पोलाद हातात होतं त्याची परीक्षा मी केलीच नाही. दाऊदभाईंनी केली होती, पण तिला मी गावठी समजत होतो.

त्या शुक्रवारी खोलीवर आमचं भांडण झालं. मी म्हटलं, "दाऊदभाई, कागद बघा तरी. व्हिसा समोर चालून आलाय आणि तुम्ही लाथ मारताय."

"तुजा कागद बरोबर असंल रं. पन त्या बंदुकीनं तो वाचलेला नाय."

"तुम्हाला भीती वाटते म्हणा ना सरळ."

"वाटते! का नको वाटू? जा काय मी बनवीन, ता तो मानूस गालाला लावून उडवनार. तुजा कागद लावनार काय गालाला?"

"मुलाच्या नशिबाशी खेळताय तुम्ही."

भात कालवता कालवता त्यांचा हात थांबला. खोलीतले बाकीचे तिघे ताटात बघत राहिले. "माजा पोरगा हाय," ते हळू म्हणाले. "तू जेव."

अरबाबनी माझे दोन कागद घेतले आणि बंदूक दुसऱ्या कारागिराकडून करून घेतली. इंजिनियर हो म्हणतो आणि टर्नर नाही, म्हणजे टर्नर माजलाय, असा सरळ अर्थ निघाला. तो माझ्याच सहीने निघाला. दाऊदभाई तरीही अरबाबसमोर जाऊन उभे राहिले, डोक्यावरची टोपी हातात घेऊन. एकच विनंती केली, पहिल्या गोळ्या खांद्याला लावून उडवू नका. टायरला बांधा, घोडा लांबून दोरीने ओढा. चार माणसांत म्हातारा इतका अजिजीने बोलतोय म्हटल्यावर अरबाबनी कबूल केलं, थोडं हसूनच.

एका सकाळी आम्ही सहा-सात जण मोकळ्या वाळवंटात गेलो. ट्रकच्या जुन्या टायरला बंदूक बांधली, दोरी लांब घेतली, गाडीच्या आड बसलो. पहिली गोळी सुटली. दुसरी सुटली. अरबाब माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "शाबाश इंजिनियर!" मी दाऊदभाईंकडे बघितलं. खरं सांगतो, जिंकल्यासारखं बघितलं. तिसऱ्या वेळी आवाज वेगळा आला. बोल्ट तुटून मागे उडाला होता आणि टायरच्या रबरात घुसून बसला होता. दस्त्याचं लाकूड उभं चिरलं होतं. अरबाबनी पुढे जाऊन आपला गाल जिथे असता त्या जागेवर बोट ठेवलं. दाऊदभाई तेवढे खाली बसून लाकडाच्या चिरफळ्या वेचत होते, वडिलांची वस्तू आहे म्हणून.

त्यानंतर व्हिसा चालत यायला हवा होता, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं. पण बापाची बंदूक आपल्या हट्टापायी मोडली, आणि नको म्हणणारा माणूस रोज लेथवर समोर दिसतोय, हे अरबाबना सोसेना. ते दाऊदभाईंच्या बाकाकडे यायचेच थांबले. व्हिसाचं विचारलं की "इंशाल्ला, बाद में." मला मात्र कुणी शब्दाने बोललं नाही. लोखंडच खराब निघालं, त्याला इंजिनियर काय करणार? असं ठरलं आणि मी ठरू दिलं. एकदा अरबाबच्या केबिनमध्ये जाऊन 'चूक माझी होती, म्हाताऱ्याचा व्हिसा अडवू नका' एवढं म्हणायचं होतं. दारापर्यंत दोनदा गेलो. एवढी मान ताठ करून शिकलो आणि त्या दाराला हात लावता आला नाही... दोन वर्षांनी दाऊदभाई कायमचे गावी गेले. जाताना मला मिठी मारली आणि बंदुकीचा एक शब्द काढला नाही. याच गोष्टीचा मला जास्त त्रास होतो. शिव्या घातल्या असत्या तर निदान हिशोब मिटला असता. माणसाने इतकंही गप्प राहू नये.

गेल्या आठवड्यात त्यांच्या गावी जाऊन आलो. नाझीम आता पन्नाशीला टेकलाय. घरामागच्या पत्र्याच्या खोलीत दाऊदभाईंनी जुनी लेथ घेऊन टाकली होती. गावी परतल्यावर त्यांनी मुलाला शिकवलं ते तिथेच. मच्छीमारांच्या इंजिनांची कामं येतात. मी बसलो आणि पाठ केल्यासारखं सगळं सांगून टाकलं: तक्ता, सही, केबिनचं दार.

नाझीम हात पुसत ऐकत होता. "अब्बा तर सांगायचे, साहेबांचा हिशोब बरोबर होता. लोखंडानं दगा दिला."

"खोटं सांगायचे. मला वाचवायला."

"मग तेव्हा का नाय बोललात?"

तो थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिला. राग असेल तर दिसला नाही, माफी असेल तर तीही दिसली नाही. बाहेर एक खलाशी शाफ्टसाठी खोळंबला होता. "हा उरकून घेतो, बसा," म्हणत नाझीमने लेथ चालू केली. पाठमोरा तो हुबेहूब दाऊदभाई होता, तसाच एका खांद्यावर झुकलेला. मध्येच त्याने मशीन थांबवली, फिरायचं थांबेपर्यंत वाट पाहिली आणि अंगठ्याचं नख शाफ्टवरून हळूच ओढलं. मान हलवली. पुन्हा चालू केली. पुन्हा थांबवली, पुन्हा नख. माप घ्यायचं साधन बाजूलाच पडलं होतं, ते त्याने सगळ्यात शेवटी उचललं.

"अब्बांनी सहा महिने नुसतं हेच करायला लावलं," तो म्हणाला. मग जरा बाजूला सरकला. "बघा साहेब. हिथं एक बारीक चरा राहिलाय."

मी उठलो. चष्मा लावला, मग काढला. नख ठेवलं आणि त्याने दाखवलेल्या जागेवरून ओढलं. परत ओढलं.

माझ्या नखाला काहीच लागलं नाही.