दिशाने बसवलेला ब्रेक

नूरुद्दीनचाचा कापडाच्या लूमचे फिटर. दर रविवारी ते नारपोलीतल्या मुलांना सायकल दुरुस्त करायला शिकवतात, तेही फुकट. एका रविवारी त्यांतल्या दिशानं पहिल्यांदाच आपल्या सायकलचा ब्रेक स्वतः बसवला आणि खुशीत कशेळीला मामाकडे निघाली. ती गेल्यावर चाचांना फरशीवर ब्रेकचा नट दिसला. तपासायचं राहूनच गेलं होतं. त्या रस्त्यावर तर कंटेनर धावतात! फोनही लागेना. दुसरी सायकल काढून चाचा धापा टाकत निघाले. कुठं गर्दी दिसली की थांबून आत डोकावत.

कशेळीच्या पुलाअलीकडे दिशा सायकल हातात धरून चालताना दिसली.

“चाचा, ब्रेक ढिला वाटला, म्हणून उतरले.”

“अच्छा किया, बेटा,” म्हणत चाचांनी सायकल तिच्या हातातून घेतली.

आता प्रत्येक सायकल ते स्वतः चालवून बघतात. तरी मुलं घरी पोचल्याचा फोन येईपर्यंत त्यांना घास गोड लागत नाही.