मिस डेल्फीन आणि तासाला वीस माणसं

मिस डेल्फीन गिडरी यांच्या जोडीनं मी सहा वर्षं माणसं मोजली. म्हणजे खरोखरच मोजली. रस्त्याच्या कडेला घडीची खुर्ची टाकायची, अंगात नारिंगी जाकीट चढवायचं, हातात क्लिकर धरायचा आणि माणूस गेला की अंगठा दाबायचा, बस्स. त्याआधी मी अठ्ठावीस वर्षं ह्यूस्टनमध्ये बस हाकली होती. रिटायर झालो आणि घरात बसून बायकोशी रोज भांडायला लागलो. तिनंच ही जाहिरात आणून माझ्या पुढ्यात आपटली. "जा बाबा, तिथं बसून लोकांवर डाफर," म्हणाली.

पहिल्या दिवशी बघतो तर जोडीला ही एकाहत्तर वर्षांची बाई! लुइझियानाची, बुटकी, डोक्यावर परातीएवढी गवती टोपी. मी एकोणसाठ वर्षांचा घोडा, आणि मला म्हणतात कशा, "बाळा, पाय पसरून बसू नकोस. लोक अडखळतात, आकडा चुकतो." आमच्याकडे वयानं मोठ्या बाईला 'मिस' म्हणायचं आणि मुकाट्यानं ऐकून घ्यायचं. मी पाय आत घेतले.

कंपनी आम्हाला गावोगाव पाठवायची. कुठे दुकान काढायचं असायचं, कुठे फुटपाथ रुंद करायचा असायचा. आम्ही आकडा द्यायचा आणि निघायचं. पण मिस डेल्फीनचं समाधान नुसत्या आकड्यानं होत नसे. "वेंडल, आकडा ही एक गोष्ट झाली," त्या म्हणायच्या, "पण गर्दी वाटते किती, ते वेगळंच असतं. ते कशानं ठरतं?" मला काय ठाऊक कशानं ठरतं! मला भूक लागलेली असायची.

मग त्यांनी स्वतःच एक खूळ काढलं. मोजणी संपली की क्लिकर माझ्याकडे द्यायचा, भर फुटपाथवर मधोमध थांबायचं आणि वाकून बुटाची नाडी बांधायची. तेवढ्यात आजूबाजूला काय काय होतं ते मी बघायचं. लाजेनं जीव नकोसा व्हायचा माझा. पण खरं सांगतो, बघण्यासारखं असायचं.

न्यूयॉर्कला, मॅनहॅटनमध्ये, नाडीचा पहिला वेढा पडायच्या आत चौदा माणसं त्यांच्या दोन्ही अंगांनी निघून गेली. एकाचाही धक्का लागला नाही. एक जण तेवढा पुटपुटला, ते इथं सांगण्यासारखं नाही. "बघितलंस?" मिस डेल्फीन कंबर सरळ करत म्हणाल्या, "यांना गर्दीत चालता येतं. म्हणून ती टोचत नाही." शिकागोत दुपारी बाराला ऑफिसांतून लोंढा बाहेर पडला. त्यातले तिघं थांबून "बऱ्या आहात ना, मॅडम?" विचारून गेले, आणि एकच्या ठोक्याला सगळा फुटपाथ रिकामा. उरलो आम्ही दोघं आणि तो हाडं फोडणारा वारा.

फिलाडेल्फियाचा आकडा शिकागोच्या निम्माही भरला नाही, पण गुदमरायला झालं ते तिथंच. फुटपाथ चिंचोळा, घरांच्या पायऱ्या थेट त्यावर उतरलेल्या, पायऱ्यांवर माणसं बसलेली आणि प्रत्येकाला आमच्याविषयी काहीतरी मत. "अहो, दुहेरी गाठ मारा! असली नाडी कोण बांधतं?" एक बाई वरच्या खिडकीतून ओरडली. मिस डेल्फीनही वर बघून ओरडल्या, "तुमचं वाळत घातलेलं पडलंय बघा!" दहा मिनिटं हेच चाललं. आणि लॉस एंजेलिस? तिथं नाडी बांधून झाली, सोडून झाली, पुन्हा बांधून झाली. एक कुत्रं आलं, त्यामागून त्याची मालकीण आली, संपलं. शेजारी रस्त्यावर मात्र गाड्या अशा खच्चून भरलेल्या की दार उघडायला जागा नाही. "एवढी माणसं बाळा, पण जो तो आपापल्या डब्यात," त्या म्हणाल्या. "ही गर्दी म्हणायची की नाही?" जेवतानाही तेच. काटा हातात धरून विचार करत बसल्या, कोळंबी गार झाली.

आमच्या ह्यूस्टनमध्ये नाडी बांधायला वाकल्या तर एक ट्रक करकचून थांबला. "आजी, पडलात की काय?" आमच्याकडे पायी चालणारा माणूस म्हणजे एक तर गाडी बंद पडलेला, नाहीतर डोकं फिरलेला.

तर त्याच ह्यूस्टनमध्ये, गेल्या ऑगस्टमध्ये, आम्हाला कॅल्डर रोडची मोजणी मिळाली. मंगळवार ते गुरुवार, तीन दिवस. सहा लेनचा रस्ता, गाड्या भन्नाट. अलीकडे निवृत्त लोकांची चार मजली इमारत, पलीकडे आजारी म्हाताऱ्यांचं केअर सेंटर. जवळचा सिग्नल पाऊण मैलावर. इमारतीतल्या लोकांनी मध्ये एक सिग्नल मागितला होता. रस्त्यांच्या ऑफिसानं सांगितलं, कुठल्याही एका तासात वीस माणसं ओलांडताना दिसली तर देऊ. वीस! मॅनहॅटनमध्ये वीस माणसं मला शिंक येईपर्यंत जातात.

पहिल्या दिवशी बारा तासांत माझा आकडा आला तीन. त्यातला एक पिझ्झावाला होता.

चार वाजता मात्र एक म्हातारी बाई फुटपाथच्या कडेला येऊन उभी राहिली. झकपक निळा पोशाख, हातात झाकण लावलेला डबा. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, पलीकडच्या एका खिडकीकडे बघून हात हलवला आणि वळून परत निघाली. मिस डेल्फीनना राहवतंय थोडंच!

"कुणाला हात केला?"

"नवऱ्याला," बाई म्हणाली. तिचं नाव युनिस पेटवे. "हॉलिस माझा. त्याला अर्धांगाचा झटका आला, तीन वर्षं झाली. चार वाजता ते त्याला खिडकीशी आणतात. रविवारी भाचा गाडीनं नेतो मला. एका मिनिटाचा रस्ता, बघा! बाकीचे सहा दिवस मी इथं आणि तो तिथं."

"आणि डब्यात काय?"

"लाल बीन्स आणि भात. त्याला आवडतो. रोज करते. म्हणते, आज धाडस होईल. नाही होत." मग तिनं माझ्या हातातल्या क्लिकरकडे बघितलं. "मला मोजलंत?"

नियम असा की दोन्ही पाय पलीकडच्या फुटपाथवर टेकले तरच अंगठा दाबायचा. मिस डेल्फीनचा तर तो धर्मच. शिकागोत एकदा माझ्याकडून चुकून दोनदा दाबलं गेलं, तर त्याची त्यांनी लेखी नोंद करायला लावली होती. "नाही," त्या म्हणाल्या, "तुम्ही ओलांडला नाहीत ना."

बाई गेल्यावर माझा पारा चढला. "दाबा की वीस वेळा! कोण बघतंय?"

"तोंड आवर, वेंडल. खोटा आकडा मी माझ्या आईसाठी दिला नसता." असं म्हणाल्या खऱ्या, पण त्यांच्या डोक्यात किडा शिरला होता. बुधवारी त्यांनी वहीत एक नवीन रकाना आखला. जो कुणी कडेला येऊन उभा राहील आणि परत फिरेल, त्याची त्यात रेघ. संध्याकाळी रेघा मोजल्या. एक्केचाळीस! कुणी वॉकर घेऊन आलेलं, कुणी पिशवी घेऊन, एक जण नुसताच, पलीकडच्या मित्राला शिवी हासडायला. ओलांडणारे, दोन.

त्यांनी तिथूनच ऑफिसातल्या इंजिनिअरला फोन लावला. मिस्टर व्हिटलो. आवाजावरून तरुण वाटला, आणि बोलायला अगदी सभ्य. मिस डेल्फीननी एक्केचाळीस सांगितले.

"पण ओलांडले किती, मॅडम?"

"दोन."

"मग न ओलांडणाऱ्यांना सिग्नल कशाला हवा?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी फोन हिसकावणारच होतो, पण मिस डेल्फीननी हात वर केला. फोन ठेवून त्या रस्त्याकडे वळल्या. "सहा वर्षं, बाळा," त्या म्हणाल्या. "लॉस एंजेलिसला मी लिहिलं, माणसंच नाहीत. कुणास ठाऊक, किती जण दारातून परत फिरले असतील. मी बघितलंच नाही." त्यांचे डोळे भरून आले होते. मी बाटलीतलं पाणी पुढे केलं.

तेवढ्यात युनिसबाई खाली आल्या. "एकच माणूस दोनदा गेला तर?" त्यांनी विचारलं.

"आमचं यंत्र तोंड बघत नाही, पाय बघतं," मी पटकन बोलून गेलो.

"वेंडल!" मिस डेल्फीन कडाडल्या. मग युनिसबाईंना म्हणाल्या, "खबरदार कुणी त्या रस्त्यात पाय टाकलात तर. एक जरी कुणी गेलं ना, माझ्या जिवाला घोर लागेल."

गुरुवारी आमची मोजणी चारच्या ठोक्याला संपायची होती, आणि चारला वीस मिनिटं होती. इमारतीचं दार उघडलं आणि आतून दहा जण बाहेर पडले. पुढे रॉस्को नावाचा उंचापुरा डीकन, म्हणजे चर्चमधला पाद्र्याचा मदतनीस, वॉकर रेटत. मध्ये युनिसबाई, डबा घेऊन. सगळे चर्चला निघाल्यासारखे नटलेले. सगळ्यांत लहान असेल सत्तरचा.

"मागे फिरा!" मिस डेल्फीन ओरडल्या.

"तुम्ही मोजा, सिस्टर," रॉस्को चर्चमधल्या बायांना म्हणतात तसं म्हणाला. "मोजायचं काम तुमचं, चालायचं आमचं." आणि त्यानं वॉकरची पुढची दोन चाकं खरंच खाली रस्त्यावर उतरवली.

मिस डेल्फीननी देवाचं नाव घेतलं, क्लिकर माझ्या मुठीत कोंबला आणि ती बुटकी बाई नारिंगी जाकीट घालून सरळ रस्त्याच्या मधोमध जाऊन दोन्ही हात पसरून उभी राहिली. काय ते भोंगे! काय ती करकर! एका गाडीवाल्यानं काच खाली करून त्यांना काहीतरी म्हटलं, त्यावर मी त्याला जे म्हटलं ते बायकोला सांगितलेलं नाही. दहा जण इंचाइंचानं निघाले. माझा अंगठा चालू होता. आठ. नऊ. दहा. शेवटी युनिसबाईंचे निळे बूट पलीकडे टेकले, आणि त्या मागं न बघता केअर सेंटरच्या दारात शिरल्या.

बाकीचे नऊ थोडं थांबून परत निघाले. येताना एक ट्रक रॉस्कोच्या वॉकरला इतका खेटून थांबला की मी डोळेच मिटले. उघडले तेव्हा नऊही जण अलीकडे होते, कुणी खुर्चीत, कुणी गवतावर फतकल मारून, धापा टाकत. मी क्लिकर बघितला. एकोणीस. चार वाजायला सहा मिनिटं.

"एकच फेरी!" रॉस्को उठायला लागला. "मी जातो."

"बसा खाली!" मिस डेल्फीन अशा ओरडल्या की तो बसलाच. "आता कुणी नाही. कुणीही नाही. तो ट्रक मी बघितलाय."

"मग मी जातो," मी म्हणालो.

"मोजणारा मोजला जात नाही."

राहिल्या युनिसबाई, त्यांना तर कसंही परत यायचंच होतं. रॉस्कोनं त्यांना फोन लावला, सगळ्यांना ऐकू येईल असा. "युनिस, ये परत! सिस्टर रस्ता अडवतात पुन्हा. तू आलीस की वीस होतात. सहा मिनिटं आहेत!"

पलीकडच्या खिडकीत त्या दिसत होत्या. हॉलिस खुर्चीत, त्या शेजारी, हातात चमचा. "तो जेवतोय, रॉस्को," त्या म्हणाल्या. "तीन वर्षांत पहिल्यांदा रविवार नसताना माझ्या हातचं गरम जेवतोय. मी नाही उठत." आणि फोन ठेवला.

चार वाजले. मी रागानं लाल झालो होतो. कुणावर, ते कळत नव्हतं. मिस डेल्फीननी फॉर्म पुढे ओढला, एकोणीस लिहिलं, सही केली. मग खाली शेऱ्यासाठी दोन ओळी असतात, ज्यात आजवर आम्ही 'पाऊस नाही' याखेरीज काही लिहिलं नव्हतं, तिथं त्यांनी सावकाश लिहिलं: दहा गेले, नऊ परत आले. दहावी बाई नवऱ्यापाशी आहे. तिला परत यायला रस्ता नाही.

शुक्रवारी सकाळी मी आणि मिस डेल्फीन गाडीनं केअर सेंटरला गेलो, युनिसबाईंची औषधं आणि पांघरूण द्यायला; आमच्या गाडीतून परत यायला मात्र त्यांनी साफ नकार दिला, म्हणाल्या, चालत आले, चालतच जाईन. नर्सनं आरामखुर्ची आत सरकवून दिली होती आणि काही बघितलंच नाही असं दाखवत होती. आम्ही त्या खोलीत असतानाच मिस डेल्फीनचा फोन वाजला. मिस्टर व्हिटलो.

"मॅडम, फॉर्म मिळाला. एकोणीस आहेत, त्यामुळे..." तो अडखळला. "पण तुमचा शेरा वाचला. मग ती बाई परत कशी आली?"

"नाही आली."

"म्हणजे?"

"म्हणजे इथंच आहे. आत्ता नवऱ्याची दाढी करतेय."

युनिसबाईंनी वस्तरा पाण्यात बुडवला आणि कान देऊन ऐकायला लागल्या.

"मॅडम, पण..." व्हिटलो हळूच म्हणाला, "किती दिवस राहणार आहे ती तिथं?"

"ते तुम्ही सांगा, मिस्टर व्हिटलो," मिस डेल्फीन म्हणाल्या. "सिग्नल कधी लावताय?"