खात्याची किल्ली

गिरणीतल्या सोबत्यांनो, आज दुपारी जे घडलं ते युनियनच्या फळ्यावर लावतो आहे. वाचून बोला.

लष्करी कापडाचं काम आल्यापासून, कुणी काम सोडून उठू नये म्हणून मुकादम बायकांच्या खात्याला बाहेरून कुलूप लावतो. खात्यातल्या अनसूयेचं तान्हं बाळ फाटकापाशी सासूच्या मांडीवर रडतं आणि तिला ते आत ऐकू येतं. खात्याचा प्रतिनिधी म्हणून मी साहेबाकडे तक्रारी दिल्या. उत्तर आलं नाही.

आज तक्रार लिहिली नाही. मुकादमाची सासुरवाडी तासगावकडच्या एका गावात, आणि अनसूयेचं माहेरही त्याच गावात. त्या गावची म्हातारी तानूबाई खात्यातच आहे. तिला मी गावच्या नात्याने थट्टेत बोलायला सांगितलं. मुकादम आला तशी ती खिडकीच्या गजांआडून म्हणाली, “आवं दाजी, मेव्हणीला कोंडून ठिवता व्हय? आत या की, तुमालाबी कोंडतो. जावयाचा पाहुणचार ऱ्हायलाय!”

सगळं खातं हसलं. मुकादमही ओशाळून हसला आणि त्याने कुलूप काढलं. अनसूया धावत बाळाकडे गेली.

मग त्याने किल्ली माझ्या हातात ठेवली. “आता तुमीच उघडा, तुमीच लावा. सूत कमी पडलं तर सायबाला जाब तुमी द्या.” मी खुशीने घेतली.

अनसूया परतल्यावर, आता जाब माझा म्हणून मी दाराला कुलूप लावलं. थोड्या वेळाने आतून एकीने विचारलं, “दादा, पाणी प्यायला सोडता का?” बायका मुकादमाला ज्या खालच्या आवाजात विचारायच्या, त्याच आवाजात.

उद्या दार उघडं ठेवलं आणि सूत कमी पडलं, तर साहेब किल्ली पुन्हा मुकादमाला देईल आणि अनसूया आत अडकेल. लावलं, तर कुलूप माझ्या हातचं. माझ्या जागी तुम्ही काय कराल?