मगर मी करून दाखवली

माझ्या धाकट्या बहिणीचं, गोदीचं, लग्न एका मगरीपायी मोडता मोडता राहिलं. ती मगर मीच होतो.

मी शनिवारवाड्यावरच्या कचेरीत कारकून. पोरांना प्राण्यांच्या गोष्टींतून शब्द आणि शहाणपण शिकवायचं, हा माझा (माझ्याच मते स्तुत्य) उद्योग. एकदा सहा वर्षांच्या ठकीनं विचारलं, "बाबा, मगर कशी असते हो?" पर्वतीखाली श्रीमंत पेशव्यांच्या शिकारखान्यात वाघ आहे, गेंडा आहे, मगर नाही.

"धूळपाटीवर काढून दाखवावी," बायको म्हणाली. पण माझ्या अंगात नकला! मी आमचे वरिष्ठ भाऊसाहेबच करून दाखवले. जेवताना ते डोळे अर्धे मिटतात, जबडा सावकाश हलवतात आणि घास गिळला की मिशीवरून जीभ फिरवतात. ठकी इतकी खूश, की मी सात वेळा केलं!

मग गोष्टही सांगितली: मगर माकडाला गोड बोलून घरी नेते, कारण तिला त्याचं काळीज खायचं असतं. माकड म्हणतं, काळीज तर झाडावरच राहिलं! ठकीनं सगळं पाठ केलं.

पुढच्याच महिन्यात भाऊसाहेब आपल्या मुलासाठी गोदीला बघायला आमच्या घरी! पंगत बसली. भाऊसाहेबांचे डोळे अर्धे मिटले. जबडा हलला. जीभ मिशीवरून फिरली. ठकीचा घास हातातच राहिला.

जेवणं उरकल्यावर गोदी नमस्काराला आली. भाऊसाहेब मायेनं म्हणाले, "काय पोरी, येतेस का आमच्या घरी?"

"आत्या, जाऊ नकोस!" ठकी गोदीच्या कमरेला बिलगून किंचाळली. "काळीज खातील! सांग, झाडावर राहिलंय!"

"पोर तापात बरळतेय," मी म्हणालो.

"मला कुठे ताप आहे? हीच मगर! तुम्हीच करून दाखवलीत ना!"

भाऊसाहेब माझ्याकडे वळले. "असं? दाखवा पाहू. आम्हीही शिकू."

"भाऊसाहेब, चुकलं माझं..."

"दाखवा."

गोदीच्या डोळ्यांत पाणी तरळलं होतं. मी डोळे मिटले, जबडा हलवला, जीभ फिरवली. (सवयीनं दोनदा!) इतकी लाज मला जन्मात वाटली नव्हती. गोदीकडे बघायचा धीर होईना.

"जबडा साधलाय," भाऊसाहेब म्हणाले. मग ठकीला विचारलं, "आणि माकड कसं करतात गं?"

"ते करावं लागत नाही," ठकी म्हणाली. "बाबा आहेतच."

भाऊसाहेब पोट धरून हसले. गोदीसुद्धा हसली!

"मुलगी पसंत आहे," डोळे पुसत ते म्हणाले. "अट एकच. आमच्या नातवंडांना मामानं गोष्टी सांगायच्या नाहीत."

अट मी आजवर पाळली आहे. गोदीच्या मुलांना वाघ-गेंडे दाखवायला भाऊसाहेब स्वतः शिकारखान्यात नेतात. माकड बघायला मात्र आमच्याकडे पाठवतात.