बोळे न घालणारा ऑपरेटर

ऑपरेटर कुणाच्याही घरी गेला की लगेच बसत नसे. दाराच्या आत येऊन मिनिटभर नुसता उभा राहायचा, मान किंचित डावीकडे कलती करून. लोकांना वाटायचं, बुजलाय. माझ्याकडे पहिल्यांदा आला तेव्हाही तसाच उभा राहिला आणि मग म्हणाला, "सर, तुमच्या फ्रीजचं आणि पंख्याचं भांडण चाललंय. पंखा सुराला जरासा उतरलाय." मी पंखा बंद केला. खोलीत काहीतरी सैल झालं. जन्मापासून मी त्याच घरात राहत होतो आणि तो ताण मला कधी ऐकूच आला नव्हता.

धारवाडात आपल्याला गाण्यातलं कळतं असं समजणारी माणसं गल्लोगल्ली आहेत. मीही त्यातलाच. कॉलेजात शिकवायचो आणि एका वेब-मासिकात नव्या, प्रयोगशील संगीतावर लिहायचो. घरच्या घरी तयार करून इंटरनेटवर सोडलेलं, लग्नात न वाजणारं, कुठलीही कंपनी न विकणारं असं ते संगीत. माझे वाचक थोडे होते, पण माझा शब्द मानणारे होते. सगळ्यात जास्त ऑपरेटर मानायचा.

धारवाडजवळच्या बेलूर औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात तो पत्रा दाबायच्या प्रेसवर कामाला होता. राहायला हुबळीकडच्या उणकलला, नव्या वस्तीत. वडील बेळगावचे; तिथल्या भीमगीतांच्या पार्टीत त्यांची ढोलकी ऐकायला माणसं लांबून यायची, असं तो सांगे. स्वतःला मात्र तो कलाकार म्हणवून घेत नसे. "म्युझिशियन-बिझिशियन काय नको सर, ऑपरेटरच म्हणा. तिकडं प्रेस चालवतो, इकडं लॅपटॉप." पाळीवर असताना तो मोबाइलवर यंत्रांचे आवाज टिपायचा. घरी आल्यावर त्यांचे तुकडे करायचा आणि त्यावर वडिलांच्या ढोलकीचा एखादा जुना तुकडा बसवायचा.

त्याचा पहिला अल्बम मी तीनदा ऐकला. ताल साडेअकरा मात्रांचा, पण चालताना पाय बरोबर पडत. मध्येच प्रेसचा ठोका थांबे आणि लांबून ढोलकी येई, तेव्हा अंगावर काटा यायचा. मी मनापासून लिहिलं. त्याच्या बायकोनं, सुमनवहिनींनी, तांदूळ निवडता निवडता एवढंच म्हटलं होतं, "छलो ऐति." बरं आहे. मी हसलो होतो. मला तेव्हा वाटलं, एवढ्या मोठ्या कामाला एवढासा शब्द!

त्याची एक सवय मला फार आवडली होती. कारखान्यात कानात घालायला रबरी बोळे मिळतात, ते तो घालत नसे. "बोळे घातले की मशीन मुकं होतंय सर. मग मी तिथं करू काय?" हे मी लेखात घातलं, वर्णन करून, कौतुकानं. 'यंत्राच्या आणि आपल्या कानाच्या मध्ये तो काहीही येऊ देत नाही,' असं वाक्य होतं. ते त्याच्या सोबत्यांनी छापून मशीनशेजारी चिकटवलं. ऑपरेटरनं मला फोटो पाठवला. त्या फोटोत मागच्या भिंतीवर बोळे घालण्याची सूचना होती, अर्धी माझ्या लेखाखाली झाकली गेलेली. मी ती पाहिली होती. पाहून काही केलं नाही.

दुसरा अल्बम अवघड होता. तिसरा असह्य. त्यात एक शिट्टीसारखा बारीक, धारदार आवाज सुरुवातीपासून होता आणि तो वाढतच जायचा. चौथ्या मिनिटाला मी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. तरी तो आवाज टेबलावरून ऐकू येत होता. मी उठून चहा केला, परत आलो आणि लिहायला बसलो. हे आज पहिल्यांदा सांगतोय. चाळीस मिनिटांच्या अल्बमवर मी बाराशे शब्द लिहिले आणि त्यातली छत्तीस मिनिटं मी ऐकलेली नव्हती. 'ऐकणाऱ्याला सुख द्यायला नकार देणारं संगीत' असं लिहिलं. 'ही धार पेलायला आपले कान अजून तयार नाहीत' असंही लिहिलं. खोटं बोलतोय असं वाटलं नाही. त्रास होतोय म्हणजे त्यात काहीतरी मोठं असणार, आणि ते मला दिसत नसेल तर चूक माझी, अशी आम्हा लिहिणाऱ्यांची रीतच पडून गेली होती. 'मला त्रास झाला' एवढं साधं लिहायची लाज वाटायची.

तो लेख आल्यावर मी त्याच्या घरी गेलो. मी आत येताच वहिनी म्हणाल्या, "सर, मी अडाणी बाई, पण तुम्हीच सांगा की ह्यांना. ते नवीन लावलं की माझं कपाळ उठतंय. शेजारची म्हणते, कुकर बिघडलाय का तुमचा?"

"सुम्नीर ए," त्यांना गप्प करत तो हसला. "सरांनी काय लिवलंय वाचलीस न्हाई? तुझे कान तयार न्हाईत."

"माझे कान तयार न्हाईत आणि तुमचे? खरा कुकर तीनदा बोंबलला आज, तुम्ही शेजारी बसून होता. भात करपला."

मी म्हणालो, "वहिनी, अशा संगीताची सवय व्हावी लागते." त्या उठून आत गेल्या.

मग तो खुर्ची जवळ ओढून बसला. एरवी स्वतःच्या घरातही तो दारात मिनिटभर थांबायचा; आज मला आत घेताना थांबला नव्हता, हे मला तेव्हा जाणवलं. फ्रीजवर, पंख्यावर एक शब्द नाही. खिशातून त्यानं घडी केलेला कागद काढला. कारखान्यात कानांची तपासणी झाली होती. "वरच्या पट्टीचं कमी ऐकू येतंय म्हणतात. खातं बदलून स्टोअरला जा म्हणतात. स्टोअरला काय, खोकी मोजायची. तिथं आवाज कुठला?" त्यानं कागद माझ्यापुढे धरला. "सर, मशीनचं सोडा. तुमचे कान चांगले. तिसऱ्यात वरचं सगळं बरोबर येतंय न्हवं? जास्त-बिस्त न्हाई झालं?"

कागदावर एक रेघ होती. उजवीकडे गेल्यावर ती कड्यावरून पडावी तशी खाली गेलेली. मला ती वाचता येत होती. तो धारदार आवाज त्याला ऐकूच येत नव्हता, म्हणून तो वाढवत नेत होता. हे त्या क्षणी मला कळलं नाही असं मी म्हणू शकत नाही. पण बाराशे शब्द लोकांनी वाचलेले होते. त्याखाली माझं नाव होतं.

मी त्याच्याकडे सरळ बघून म्हणालो, "बरोबर येतंय."

त्यानं कागदाची घडी घालून ती पुन्हा खिशात टाकली. पुढची दोन वर्षं तो प्रेसवरच राहिला. बोळे न घालता.

त्या दोन वर्षांत तो फोनवर मोठ्यानं बोलायला लागला. मग फोन कमी झाले, मेसेज वाढले. मी कुणाला काही बोललो नाही. धारवाडात एका छोट्या सभागृहात सकाळी त्याचा कार्यक्रम ठरला, तेव्हा प्रास्ताविक मीच केलं. तीसेक माणसं होती. त्यानं सुरुवात केली आणि पाचव्या मिनिटाला मागची रांग उठली. एका बाईनं पदराचा बोळा करून कानात घातला. ऑपरेटर खाली मान घालून बटणं फिरवत होता, चेहऱ्यावर समाधान होतं, आणि आवाज चढतच होता. मग त्यानं मान वर केली. पहिल्या रांगेत बरोबर त्याच्यासमोर मी बसलो होतो, दोन्ही कानांत बोटं घालून.

त्यानं हात काढून घेतले. लॅपटॉप मिटला. तो माझ्याकडेच बघत होता आणि मला बोटं काढायचंही सुचलं नाही.

आता तो स्टोअरला आहे. दोन्ही कानांत ऐकायची यंत्रं आहेत, पण गर्दीत त्यांचा उपयोग होत नाही, एकेकट्या माणसाशी समोरासमोर बोलणं जमतं. वेळेवर खातं बदललं असतं तर बरंच वाचलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. हे वहिनींनी मला सांगितलं. रागावून नाही, माहिती द्यावी तसं. मी मासिकात लिहिणं बंद केलं होतं. सगळं कबूल करायचं ठरवून मी मागच्या महिन्यात उणकलला गेलो आणि चौथ्या मिनिटापासून सगळं सांगितलं. तो माझ्या ओठांकडे बघत ऐकत होता. मध्ये एकदाच म्हणाला, "हळू सांगा, सर."

सांगून झाल्यावर त्यानं विचारलं, "आणि पहिला?"

"पहिला खरंच चांगला होता. तीनदा ऐकला होता मी. शपथेवर सांगतो."

"तिसऱ्याच्या वेळीपण असंच सरळ बघून सांगितलं होतं तुम्ही." आवाजात राग नव्हता. "आता मला लावून बघता येत न्हाई न्हवं. सगळं पत्र्यासारखं ऐकू येतंय. कुणाला विचारू?"

मी बोलत राहिलो. साडेअकरा मात्रा, ढोलकीची जागा, अंगावरचा काटा, सगळं. ते सगळं खरं होतं. आणि तिसऱ्यावर लिहिलेलंही याच शब्दांत होतं, हे बोलता बोलता मलाच ऐकू यायला लागलं. त्यानं मान वळवून वहिनींकडे पाहिलं.

वहिनी त्याच्यासमोर येऊन बसल्या आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, "तो पहिला बरा होता. मामंजींची ढोलकी होती त्यात. मी दोनदा लावायला सांगितला होता, तुम्ही विसरलाय."

"हौदा?" खरंच?

"हौद री." हो, खरंच.

मग त्याचे खांदे खाली आले. "मग असंल," तो म्हणाला आणि मी चहा घेणार का, हे मला न विचारता त्यांनाच विचारलं.