भाऊजींचे बिनरंगाचे विमान

भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, घरी बनवलेल्या छोट्या विमानावर रंग उडवताना श्वास घेत नसत. डास मारायची पिचकारी हातात धरायची, गाल फुगवायचे आणि पंखाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एका दमात जायचे. मग भिंतीला टेकून धापा टाकायच्या. "श्वास घेतला का हात हालते, वहिनी," म्हणत. मला हसू आवरत नसे.

लढाईच्या वर्षांत त्यांनी गोंदियाजवळच्या बिरसीच्या मैदानावर खरी विमाने पाहिली होती. ते वेड तेव्हाचे. स्वातंत्र्यानंतर चारदोन वर्षांनी मी लग्न होऊन गोंदियाला आले, तेव्हा ओसरी विमानांनी भरलेली होती. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर भाताच्या खळीने चिकटवलेला पतंगाचा कागद. कागदावर पाण्याचा हलका फवारा मारून ते विमान सावलीत ठेवत. वाळता वाळता तो ढोलकीसारखा ताणला जाई. मग लाखेच्या कारखान्यातला चपडा, म्हणजे लाखेचे पातळ पापुद्रे, स्पिरिटमध्ये विरघळवून त्यात रंग. खळ माझ्या पातेल्यातली, तेव्हा निम्मे विमान माझेच, असे मी म्हणे.

रंगाचा डबा उघडण्याआधी मात्र ते मला हाक मारत. "वहिनी, हा कोन्ता होय?" मला वाटे, थट्टा करताहेत. एकदा मी नागऱ्याच्या देवळात गेले होते. परतले तर ओसरीवर विमान वाळत होते, एक पंख हिरवा, दुसरा गेरूसारखा. मामंजी, रेल्वेत इंजिन चालवणारे, पोट धरून हसत होते. "काऊन रे, हे विमान होय का पोपट?" भाऊजीही हसले. पण हसताना ते एकदा या पंखाकडे, एकदा त्या पंखाकडे पाहत होते.

संध्याकाळी ते चुलीपाशी आले. "मले दोन्ही पंख सारखेच दिसून राहिले, वहिनी. बाबाले सांगू नोका." मामंजींची एकच इच्छा होती, धाकट्यानेही इंजिनावर चढावे. आणि तिथे सिग्नलचा लाल-हिरवा ओळखता यायलाच हवा.

डोळ्यांची तपासणी जवळ आली होती. सुपात ओल्या मिरच्या घेऊन मी त्यांना रोज शिकवी. ही लाल, भाऊजी. ही हिरवी. ते मिरची उजेडात धरत, हुंगत, बोटांनी दाबून पाहत. हळूहळू चूक होईनाशी झाली. मी वेडी हरखले, नवस बोलले. पिकलेली मिरची बोटांना मऊ लागते, एवढेच ते शिकले होते, हे मला कुठे ठाऊक? तपासणीत डॉक्टरांनी दूरवर दिवे लावले. दिव्यांना हात लागत नाही.

मामंजी पुढे त्यांच्याशी धड बोललेच नाहीत. भाऊजी आजोळी, आपल्या मामांच्या गावी धानाची शेती पाहायला गेले. जाताना एक विमान माझ्या हाती ठेवले, नुसत्या चपड्याचे, बिनरंगाचे. "याच्यात कोनाले काही विचारा लागत नाही," म्हणाले. पुढल्याच पावसाळ्यात ते तापाने गेले. आम्ही पोचेपर्यंत सगळे आटोपले होते.

त्या विमानाचा कागद खळीच्या वासाने उंदरांनी खाल्ला, कामट्या तेवढ्या उरल्या. मला त्यांची फार आठवण येते. मिरच्या निवडायला बसले की अजून माझे ओठ हलतात. ही लाल, भाऊजी. ही हिरवी.